थोरल्यांचं लॉगिन

ऑफिसात तिला सगळे नकारघंटा म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण इतक्या जवळून म्हणत की तोंडावर म्हटल्यासारखंच. तिला त्याचं फारसं वाईट वाटत नसे, कारण आधीचं नाव याहून वाईट होतं. गादी कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर ती बसायची तेव्हा तिला 'जराथांबा' म्हणत, आणि ते नाव थेट तिच्या सासरपर्यंत जाऊन पोचलं होतं. नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. स्वभावाने गरीब माणूस, पण भांडणात हरायला लागला की त्याच नावाने हाक मारायचा आणि व्हॅन धुवायला पळायचा.

मोबाइल आले, सगळे एकमेकांना थेट फोन करायला लागले आणि टेलिफोन बोर्ड भंगारात गेला. तिला मात्र भंगारात काढायचं कुणाला जमलं नाही. कारखान्याचे जुने मालक, ज्यांना सगळे थोरले म्हणत, त्यांनी केबिनमधून फर्मान काढलं की पोरीला कुठेतरी बसवा. पोरगी तेव्हा चाळिशीला आली होती. नेमकं त्याच सुमारास कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं. खरेदी, गोदाम, विक्री, पगार, तक्रारी, सगळं एका जागी. मग प्रश्न असा आला की कुणाला काय दिसावं, कुणी काय लिहावं आणि कुणी काय मंजूर करावं, हे कुणीतरी ठरवून सिस्टीममध्ये घालायला हवं. या कामात रोज कुणाचे ना कुणाचे तरी शिव्याशाप ठरलेले, त्यामुळे ते घ्यायला कुणी तयार नव्हतं. ते तिच्या गळ्यात पडलं.

शिकवायला सॉफ्टवेअर कंपनीची एक मुलगी आली होती. तिने सांगितलं की पाहता येणं, बदलता येणं आणि मंजूर करता येणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हे नकारघंटेला एका झटक्यात कळलं. घरी तिला फक्त पहिली होती. बदलण्याचं काम लेक करायची आणि मंजुरी सासूबाईंची.

काम तिला आवडलं. खरं सांगायचं तर जरा जास्तच आवडलं. विक्रीवाला यायचा, त्याला सगळ्यांचे पगार बघायचे असायचे, 'सहजच'. गोदामवाल्याला मागची तारीख टाकून माल आल्याचं दाखवायचं असायचं, कारण माल आला तेव्हा तो जेवायला गेलेला असायचा आणि जेवून आल्यावर झोपलेला. ती दोघांनाही एकच विचारायची, "कशासाठी हवंय?" आणि उत्तर ऐकून झालं की मान हलवायची. वरून खाली नव्हे, आडवी. आयुष्य लोकांना एकमेकांशी जोडून देण्यात गेलं होतं, आता अडवण्यात काय मजा असते ते तिला कळत होतं.

पण या सगळ्या व्यवस्थेला एक भगदाड होतं, आणि ते केबिनमध्ये पंख्याखाली बसलेलं असायचं.

थोरल्यांनी एका खोलीत, स्वतःच्या हाताने कापूस भरून हा कारखाना सुरू केला होता. आता कारभार मुलाकडे होता. मुलाचे केस पांढरे झाले, त्याला चष्मा लागला, तरी तो धाकटेच राहिला. सिस्टीम बसवली तेव्हा मालक म्हणून खातं थोरल्यांच्या नावाने उघडलं होतं आणि त्या खात्याला सगळे हक्क होते. पासवर्ड होता 'गादी'. तो कारखान्यात सगळ्यांना माहीत होता, फाटकावरच्या कुत्र्यालासुद्धा असावा. नकारघंटेने एखाद्याला नाही म्हटलं की तो गडी सरळ केबिनमध्ये जायचा, थोरल्यांसमोर दोन मिनिटं बसायचा, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायचा आणि मग अडचण सांगायचा. थोरले म्हणायचे, "माझ्या नावाने कर रे."

त्यामुळे सिस्टीममध्ये बघितलं तर कारखान्यात थोरल्यांशिवाय कुणी काम करत नव्हतं. थोरलेच स्प्रिंगा मागवायचे, थोरलेच त्या फाटकावर उतरवून घ्यायचे, तपासायचे, बिल मंजूर करायचे. डोळ्याचं ऑपरेशन होऊन ते पट्टी बांधून पडले होते, त्या दिवशीसुद्धा त्यांनी गोदामातला अख्खा कापूस मोजला होता. एकदा तर त्यांनी स्वतःच्या बाळंतपणाची रजा टाकून स्वतःच मंजूर केली होती. ती शिलाई विभागातल्या एका बाईची होती, पण खातं थोरल्यांचं.

मग एका मोठ्या हॉटेल कंपनीची ऑर्डर यायची होती, आणि ऑर्डर देण्याआधी त्यांचा तपासनीस आला. त्याने नकारघंटेशेजारी बसून सिस्टीम उघडायला लावली. थोडा वेळ तो गंभीर होता. बाळंतपणाच्या रजेपाशी पोचल्यावर त्याने चष्मा काढला आणि डोळे पुसले. जाताना मात्र तो धाकट्यांना स्पष्ट सांगून गेला की मागवणारा, घेणारा आणि मंजूर करणारा माणूस एकच असेल तर ऑर्डर विसरा.

धाकट्यांनी तिला बोलावलं. ते खातं बंद करायला हवं, असं ते म्हणाले. ती म्हणाली की हे ती कधीपासून सांगतेय. ते म्हणाले, हो हो, तर तुम्ही करा बंद, बाबांना मी सांगतो. हे म्हणताना त्यांनी टेबलावरचं स्टेपलर उचलून ड्रॉवरमध्ये ठेवलं, मग परत काढून टेबलावर ठेवलं. तिथेच तिला कळायला हवं होतं की हा माणूस काही सांगणार नाही.

सोमवारी सकाळी आल्या आल्या तिने थोरल्यांचं खातं बंद केलं. खूप दिवस लांबवलेली दुखरी दाढ काढून टाकावी तसं तिला हलकं वाटलं. तिने चहा मागवला. चहा यायच्या आत तिच्यासमोरचा पडदा पांढरा झाला आणि मधोमध एक ओळ आली. आपल्याला हे पान पाहण्याची परवानगी नाही.

ही ओळ तिने शेकडो लोकांना दाखवली होती. तिला कुणी दाखवायची ही पहिलीच वेळ. चूक तिचीच होती, आणि साधी होती. बाकी सगळ्यांचे हक्क मालकाच्या खात्यातून वाटलेले होते, तिचेसुद्धा. झाडाची जी फांदी तोडायची तिच्यावरच ती बसली होती. बसली होती एवढंच नव्हे, चहाची वाट बघत बसली होती.

थोड्याच वेळात मजल्यावरच्या सगळ्या खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज आला. खरेदी बंद, विक्री बंद. फाटकावर गाडी बाहेर सोडायची चिठ्ठी निघेना, म्हणून माल भरलेले ट्रक रांगेत उभे राहिले आणि ड्रायव्हरांनी मागचे दरवाजे उघडून गाद्यांवर ताणून दिली. विक्रीवाला तिच्या टेबलापाशी आला आणि अगदी गोड आवाजात त्याने विचारलं की बाई, कशासाठी हवंय?

तिने सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला. त्यांचं म्हणणं असं की मालकाचं खातं फक्त मालकच उघडू शकतो. ते त्याला नोंदवलेल्या नंबरावर फोन करतील, एक गुप्त प्रश्न विचारतील, उत्तर जुळलं तर पुढचं बोलतील. नोंदवलेला नंबर थोरल्यांच्या घरच्या जुन्या फोनचा होता. थोरले त्या दिवशी कारखान्यात आलेच नव्हते. गोदामवाल्याने त्यांना आनंदाने कळवून टाकलं होतं की काका, तुम्हाला काढलं.

ती आणि धाकटे गाडीतून थोरल्यांच्या घरी गेले. रस्ताभर धाकटे गाडीच्या काचेवरचा एक डाग नखाने खरवडत होते. तो डाग बाहेरच्या बाजूने होता.

थोरले पुढच्या खोलीत, आपल्याच कारखान्याच्या गादीवर लोडाला टेकून बसले होते. त्यांनी दोघांना बसा म्हटलं नाही. त्यांच्या बायकोने म्हटलं, आणि ती आत निघून गेली. आत म्हणजे दाराआड.

"मला कुणी काढलं?" थोरल्यांनी विचारलं.

धाकटे चपलांच्या स्टँडकडे बघायला लागले. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मी काढलं, काका."

"कुणाला विचारून?"

"साहेबांना विचारून. ते तुम्हाला सांगणार होते."

"हा?" थोरले म्हणाले. "याने स्वतःचं लग्न ठरवलं तेसुद्धा मला याच्या सासऱ्याकडून कळलं."

मग त्यांनी बराच वेळ तिच्याकडे रोखून बघितलं. तिने सगळं सांगितलं. तपासनीस, रजा, चहा, पांढरा पडदा. तिला वाटलं होतं की ते भडकतील. थोरल्यांचं आधी पोट हलायला लागलं, आणि मग ते इतके हसले की बायकोला दाराआडून पाणी घेऊन यावं लागलं. मला काढणारीच बाहेर राहिली, असं ते धापा टाकत बायकोला सांगत होते. नकारघंटेला राग आला आणि ती तो गिळून उभी राहिली. चूक स्वतःची असली की रागाला बसायला जागा मिळत नाही.

फोन आला तो तेवढ्यात. जुना, दोरीवाला, कोपऱ्यातल्या तिपाईवरचा. थोरले उठून गेले. पलीकडच्या मुलीने काहीतरी विचारलं आणि थोरल्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी फडक्याने पुसावं तसं गेलं. त्यांनी फोनवर हात ठेवला.

"ही माझं लहानपणचं टोपणनाव विचारतेय."

"मग सांगा की, काका."

"दुसरा प्रश्न विचारायला सांग."

ती म्हणाली की तसं होत नाही. सिस्टीम बसवायला आलेल्या माणसाने त्यांना हाच प्रश्न विचारला होता आणि त्यांनीच उत्तर दिलं होतं. थोरल्यांनी त्या माणसाला एक शिवी दिली. मग सगळ्यांनी बाहेर जावं असं म्हणाले. धाकटे लगेच उठले, पण फोनची दोरी लहान, दाराआड बायको आधीच उभी, आणि बाहेर म्हणजे नेमकं कुठे हे कुणालाच कळेना. शेवटी थोरल्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि हळूच पुटपुटले. पलीकडे ऐकू गेलं नाही. ते पुन्हा पुटपुटले. पलीकडच्या मुलीने बहुतेक मोठ्याने बोला म्हणून सांगितलं.

"शेंबड्या," थोरले ओरडले.

पलीकडून आणखी काहीतरी विचारणा झाली.

"शें," थोरले म्हणाले. "अहो, शें. शेंबडातला शें."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला, आणि त्यामागून थोरल्यांच्या बायकोचं हसू, जे बाई तोंडात पदर कोंबूनही थांबवू शकत नव्हती. जन्मभर या माणसाने तिला सांगितलं होतं की लहानपणी त्याला राजा म्हणत.

उत्तर जुळलं. पलीकडच्या मुलीने विचारलं की खातं याच नावाने चालू ठेवायचं की मालकाचं नाव बदलायचं? थोरल्यांनी ते खोलीत मोठ्याने सांगितलं. आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. धाकट्यांनी चष्मा सारखा केला आणि ते जरा ताठ उभे राहिले.

"तुझं घालू?" थोरल्यांनी विचारलं.

"घाला की, बाबा."

"गोदामवाला आला, म्हणाला मागची तारीख टाकू द्या. काय म्हणशील?"

धाकट्यांनी विचार केला. "आता त्याची काय अडचण आहे, ते बघून..."

"झालं," थोरले म्हणाले, आणि फोनमध्ये बोलले, "नाव लिहून घ्या. ही आमची बाई आहे ना, तिचं." मग थांबले. पलीकडे नाव विचारत होते. थोरल्यांनी परत फोनवर हात ठेवला आणि तिच्याकडे वळले. "अगं, तुझं नाव काय?"

टेलिफोन बोर्डापासून ती या माणसाचे फोन जोडून देत आली होती. इतक्या वर्षांत त्यांनी तिला 'अगं' म्हणून हाक मारली होती आणि तिने 'ओ' दिली होती, दोघांचंही कधी अडलं नव्हतं. तिने नाव सांगितलं. थोरल्यांनी ते फोनवर सांगितलं, आणि मग एकदा स्वतःशीच म्हणून बघितलं, नवीन कवळी घालून बघावी तसं.

"अहो काका, पण मी का?" तिने विचारलं. "आजचा घोळ तर मीच घातला."

"घातलास. पण मला नाही म्हणायची हिंमत तू केलीस. याने चपला मोजल्या."

धाकटे दुखावतील असं तिला वाटलं होतं. परतताना गाडीत ते शीळ घालत होते. आता माझ्याकडे कुणी मागायला येणार नाही, असं त्यांनी तिला सिग्नलला थांबल्यावर सांगितलं, आणि हे सांगताना ते दहा वर्षांनी लहान दिसत होते.

निघण्यापूर्वी मात्र थोरल्यांनी तिला थांबवून विचारलं होतं, "आणि मला काय ठेवलंस?"

"तुम्हाला काय हवंय?"

ते जरा घुटमळले. मग म्हणाले, तक्रारी.

तेव्हा कुठे तिला उलगडा झाला. गिऱ्हाइकांच्या तक्रारींना मधूनमधून अशी उत्तरं जायची की तक्रार विभागातल्या बाईला दोनदा समज दिली गेली होती आणि ती रडून सांगायची की हे मी लिहिलेलंच नाही. गादी मधोमध खचते, असं एकाने लिहिलं होतं, त्याला उत्तर गेलं होतं की तुम्ही मधोमध झोपता म्हणून खचते, काही दिवस कडेला झोपून पाहा. एका जोडप्याने लिहिलं की दोघांच्या मध्ये खड्डा पडलाय. त्यांना उत्तर होतं की तो आमच्या गादीने पाडलेला नाही, दोघांनी बसून बोलावं. अख्ख्या सिस्टीममध्ये थोरले स्वतःच्या हाताने, एका बोटाने टाइप करून, एवढं एकच काम करत होते.

तिने त्यांना तक्रारी पाहण्याचा हक्क दिला आणि उत्तर लिहिण्याचाही. पण उत्तर बाहेर जायचं ते तिच्या मंजुरीनंतर.

"म्हणजे मी लिहिणार आणि तू खोडणार," थोरले म्हणाले.

"लागलं तर."

"बघू," ते म्हणाले, आणि आत जाऊन बायकोवर उगाचच खेकसले.

कारखाना पुन्हा सुरू झाला. प्रत्येकाला आपापलं लॉगिन, आपापले हक्क. पहिले काही दिवस लोक असे वावरत होते की जणू कुणी त्यांचे हात कापून नेलेत. गोदामवाल्याने माल येतो तेव्हा जागं राहायला सुरुवात केली आणि त्याने त्याची तब्येत बिघडली, असं त्याचं म्हणणं होतं. सासूबाईंना सुनेच्या बढतीची बातमी नवऱ्याने सांगितली. त्या म्हणाल्या, बरं आहे, पण घरी तसलं काही चालणार नाही. हॉटेलची ऑर्डर आली.

थोरले पूर्वीसारखे केबिनमध्ये येऊन बसायला लागले. आणि मग तिच्या एक गोष्ट लक्षात आली, जी आधी यायला हवी होती. केबिनमध्ये कुणी जात नव्हतं. पूर्वी दिवसभर तिथे रीघ असायची. लोक पासवर्डासाठी जात, पण जात तर होते, बसत, गुडघ्यांची चौकशी करत. आता कुणाचं काही अडत नव्हतं. थोरले दार उघडं ठेवून बसायचे, कुणी समोरून गेलं की वर बघायचे, आणि तो पुढे गेला की पेपरचं तेच पान पुन्हा उलटायचे. तिने जे केलं ते बरोबर होतं, याबद्दल तिला शंका नव्हती. तरी दुपारचा डबा तिला चार दिवस गोड लागला नाही.

मग तिने काय केलं, तर त्यांचं उत्तर नामंजूर करायचं असलं की ती बटण दाबेना. उठून केबिनमध्ये जायची, समोरच्या खुर्चीत बसायची आणि भांडायची. तुम्ही गिऱ्हाइकाला आळशी म्हणू शकत नाही, असं ती म्हणायची. तो आळशीच आहे, गादी वर्षभर उलटलेली नाही, असं ते म्हणायचे. मग 'आळशी'चं 'निवांत' व्हायचं. कधी ती हरायची. आणखी एका जोडप्याला त्यांनी 'दोघांनी बसून बोलावं' लिहिलं तेव्हा ते तिने तसंच जाऊ दिलं, आणि त्या जोडप्याचं आभाराचं पत्र आलं. तक्रार विभागातली बाई दाराशी येऊन उभी राहायला लागली, मग आत येऊन बसायला लागली. विक्रीवाला गिऱ्हाइकांचे किस्से घेऊन यायचा, त्यातले निम्मे त्याने रचलेले असायचे. थोरल्यांना ते कळायचं आणि ते आणखी खोदून विचारायचे.

एकदा एका शिंप्याची तक्रार आली की गादी कूस बदलली की करकरते. थोरल्यांनी लिहिलं की कूस बदलू नका. तिने खोडलं. त्यांनी लिहिलं की मशीनवर दिवसभर बसणाऱ्याच्या कमरेचा आवाज असेल. तेही तिने खोडलं. तिसरं तर तिने वाचून दाखवायलाही नकार दिला. थोरले काठी आपटून उठले आणि म्हणाले की मग मी स्वतःच जाऊन बघतो, त्याला तुझी परवानगी लागते का? तिने विचार केला आणि सांगितलं की नाही, त्याला लागत नाही. ते माल पोचवायला निघालेल्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले आणि गेले.

दुपारी तिला फोन आला. शिंपी होता. आवाज दबका.

"तुमच्याकडचे एक आजोबा आलेत," तो म्हणाला. "गादी तपासतो म्हणाले आणि आडवे झाले. या कुशीवर झाले, त्या कुशीवर झाले, आणि झोपले. बराच वेळ झाला. मी हलवलं तर 'नंतर' म्हणाले."

"गादी करकरतेय का?" तिने विचारलं.

शिंप्याने बहुतेक दाराशी जाऊन ऐकलं. "कळत नाही हो. त्यांच्या घोरण्यात काही ऐकू येत नाही."

तिने त्याला सांगितलं की झोपू द्या, उठले की थोडा चहा द्या, टेम्पो परत येताना घेऊन येईल. तेवढ्यात धाकटे दारात डोकावले आणि बाबा कुठे गेलेत म्हणून विचारायला लागले. तिने हाताने त्यांना थांबवलं, तक्रार उघडली, तिच्यापुढे 'तपासणी चालू आहे' असं लिहिलं आणि मंजूर केलं.